जाते म्हणाली

तुकारामने पराठ्याची घट्ट सुरळी केली, तिचं एक टोक दाबून तोंडासारखं चपटं केलं आणि ती ताटातल्या डाळीतून हळूहळू सरपटत नेली. मेसमधली माणसं जेवायची थांबली. डाळीच्या मधोमध कांद्याची एक पाकळी तरंगत होती. ती बोट.

"अशी येते," तो म्हणाला. "आवाज नाही, बुडबुडा नाही. बोटीतली माणसं आपली पाखरांचे फोटो काढण्यात दंग. आणि मग..."

सुरळी डाळीतून उसळली. कांदा दिसेनासा झाला. तुकारामने डोळे मिटून तो सावकाश चावला.

"खलास."

धनंजयचा घास हातातच राहिला. अमिरातीतल्या फुजैराच्या तेल टर्मिनलवर तो शिफ्टचा साहेब होता. गावाएवढी जहाजं त्याने वॉकीटॉकीवर नुसतं हूं म्हटलं की धक्क्याला लागत. असा माणूस कांद्याच्या एका पाकळीकडे बघून गप्प झाला, याला कारण होतं. त्याची बायको रंजिता त्या घटकेला ब्राझीलमधल्या पंतनालमध्ये होती. जवळजवळ अर्ध्या महाराष्ट्राएवढी ती दलदल, त्यात सुसरी आणि जॅग्वार, आणि त्यात गळ्यात कॅमेरा अडकवून बोटीत बसलेली रंजिता. गुरुवारी बोट परत लॉजवर यायची होती, तिथे वायफाय होतं. आज शनिवार. फोन नाही, मेसेज नाही.

"तुकारामदादा, ॲनाकोंडा माणसं खात नाही," तो म्हणाला. "गूगल केलंय मी."

"गूगलला कधी कोणी खाल्लंय का, साहेब? मग त्याला काय ठाऊक?"

मेस हसली. तुकाराम गुहागरकडचा, जेटीवरची क्रेन चालवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं आणि दक्षिण अमेरिका त्याने नकाशातसुद्धा धड पाहिली नव्हती. पण त्याचं त्यावाचून अडत नसे. एकदा ब्राझीलहून आलेल्या जहाजावर रात्रपाळीला तो तेलाच्या नळीवर पाय देऊन उभा राहिला होता, तर त्या नळीने म्हणे जांभई दिली. तेव्हापासून तो कुठल्याही नळीला आधी नमस्कार करी आणि मग हात लावी. नमस्कार करताना त्याला सगळ्यांनी पाहिलं होतं. जांभई कोणी पाहिली नव्हती.

"वहिनींचं टेन्शन घेऊ नका," तुकाराम पाणी पीत म्हणाला. "आल्या नाहीत तर आपण जाऊ आणायला. सुट्टी तेवढी तुम्ही मंजूर करा."

धनंजय हसला. हसताना त्याने ताटाखाली ठेवलेला फोन पुन्हा एकदा उलटा करून बघितला.

भीती त्याला खरं तर दोन होत्या. सुसर, बोट, ॲनाकोंडा ही चारचौघांत सांगण्यासारखी, जिच्यावर मेसमध्ये हसता येत होतं. दुसरी त्याने कोणालाच सांगितली नव्हती. आंब्याची शीर दातात अडकावी तशी ती अडकली होती आणि जीभ सारखी तिथेच जात होती. ती भीती एका शब्दाची होती.

विमानतळावर सोडायला तो दुबईतल्या करामाच्या घरून तिला घेऊन निघाला, तेव्हा त्याने नेहमीच्या थट्टेला सुरुवात केली होती. बगळे बघायला पंधरा तासांचं विमान? इथे रास अल खोरला दहा मिनिटांत दिसतात की. तेही बसल्या जागी, एसीत. रंजिता शाळेत जीवशास्त्र शिकवायची. पंतनालचा नकाशा तिच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता, इतकी वर्षं की त्याचे कोपरे पिवळे पडले होते. थट्टेला ती काही बोलली नाही. खिडकीबाहेर बघत राहिली. टर्मिनलसमोर गाड्यांची रांग लागलेली, मागचा ड्रायव्हर हॉर्न देतोय, पुढचा शिपाई "यल्ला, यल्ला" करत हात हलवतोय. तिने डिकीतून बॅग स्वतःच काढली. खिडकीशी वाकली.

"जाते," म्हणाली.

आणि गेली. काचेचे दरवाजे तिच्यामागे मिटलेसुद्धा.

आता, घरातून निघताना मराठी माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, हे कुणी कुणाला शिकवत नाही. रंजिता खालच्या ग्रोसरीत कोथिंबिरीची जुडी आणायला निघाली तरी दारातून "येते हं" म्हणायची. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी भांडून माहेरी डोंबिवलीला निघाली होती, तेव्हाही बॅग उचलून, दात-ओठ खात, दार आपटण्याआधी "येते!" असं ओरडली होती. आणि म्हणून धनंजय निवांत चहा करून प्यायला होता.

यात गंमत अशी, की शकुन-अपशकुनाला तो माणूस दारात उभं करत नसे. पहिली गाडी त्याने मुद्दाम अमावस्येला घेतली होती. टर्मिनलमध्ये कोणी निघताना शिंकलं की तो त्याला रुमाल देई आणि कामाला लावी. आणि आता एका शब्दाने त्याची झोप नेली होती. निम्म्या रात्री उठून तो म्हणून बघायचा, "जाते. जाते." कधी ते रागाने म्हटल्यासारखं वाटे, कधी घाईने. सर्वांत वाईट म्हणजे, कधीकधी ते अगदी शांतपणे म्हटल्यासारखं वाटे.

जेवण उरकून तो बाहेर जिन्यात आला आणि त्याने इराला फोन लावला. मुलगी करामाच्या घरी होती.

"इरा, आईचा काही मेसेज?"

"नो बाबा. बट दे सेड नो नेटवर्क, ना?"

"ती निघताना तुला काय म्हणाली?"

"शी सेड, फ्रिजमधली आमटी संपव."

"ते नाही गं. शेवटचं. दारातून निघताना. येते म्हणाली की जाते?"

"व्हॉट्स द डिफरन्स?"

धनंजयने डोळे मिटले. मुलीला मराठी नीट शिकवू, सुट्टीत शिकवू, पुढच्या वर्षी शिकवू, असं म्हणत गेलेली सगळी वर्षं त्या जिन्यात त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"काही नाही. जेवलीस का?"

"बाबा, आर यू ओके?"

"मी ओके आहे."

मागून तुकाराम टूथपिक चावत आला. धनंजयने फोन खिशात टाकला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "दादा, तुमच्याकडे कोणी निघताना चुकून 'जातो' म्हणालं, तर काय करतात?"

तुकारामने टूथपिक तोंडातून काढली. त्याला अशी संधी मागून मिळत नसे.

"आमचा चुलता म्हणाला होता. बाजारात चालला होता, मीठ आणायला. चुलती भाकऱ्या थापत होती, तिने ऐकलं आणि म्हणाली, अहो, येतो म्हणा. तर हा म्हणतो, मीठ आणायला कसलं आलंय येतो! गेला. वर्षं गेली, साहेब. बारशी झाली, लग्नं झाली, चुलतीचे केस पांढरे झाले. एक दिवस दारात दाढीवाला बुवा उभा. चुलतीने मान वर केली नाही. भाकरी थापताथापता म्हणाली, मीठ आणलं का?"

"आणि आणलं होतं?"

"तेच तर. विसरला होता. पुन्हा गेला." तुकारामने जिन्याखाली पिंक टाकल्यासारखं केलं, पण नुसतंच केलं. "पण या खेपेला येतो म्हणून गेला. संध्याकाळी परत."

तो निघाला. चार पायऱ्या उतरून वळला आणि म्हणाला, "येतो, साहेब." आणि जरा थांबून, "येतोच."

म्हाताऱ्याला काय कळलं आणि काय नाही, हे धनंजयला कधीच सांगता आलं नसतं.

खिशात फोन थरथरला. त्याने तो एवढ्या घाईने काढला की पायऱ्यांवर पडता पडता राहिला. मेसेज टूरवाल्या माणसाचा होता, सगळ्यांच्या घरच्यांसाठी एकच. नदीचं पाणी उतरल्यामुळे बोट वाटेत अडकली आहे, मंडळी सुखरूप असावीत, काळजी नसावी.

त्याने ते दोनदा वाचलं. 'आहेत' नव्हे, 'असावीत'. माणसं शब्द किती बेफिकिरीने वापरतात!

दुपारपाळी दुसऱ्याची होती. खोलीवर जाऊन भिंतीकडे बघण्यापेक्षा तो गाडीत बसला आणि गाडी दक्षिणेला कलब्याच्या रस्त्याला लागली, तेव्हा त्याला आठवलं की आपण इथे का चाललोय. रंजिताने निघायच्या आठवड्यात एकच काम सांगितलं होतं. "मी नसताना शनिवारी एकदा कलब्याला जाऊन खंड्या बघून येशील? फक्त आहे का एवढंच." तो लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला होता, "बघू."

खोर कलब्याच्या खारफुटीत पांढऱ्या गळपट्ट्याचा, निळ्याहिरव्या पाठीचा एक खंड्या राहतो. सबंध देशात तो इतरत्र सहसा दिसत नाही. रंजिता त्याच्यासाठी जवळजवळ प्रत्येक मोकळ्या शनिवारी यायची आणि धनंजय तिला आणायचा. ती दुर्बीण घेऊन पुलाकडे चालत जायची. तो गाडीत बसून मेल बघायचा.

वाटेत त्याने मनाशी एक सौदा केला. नवस म्हणायची त्याला लाज वाटली, म्हणून सौदा. खंड्या दिसला तर ती सुखरूप आहे. आणि खंड्या दिसला तर ती परत येणार आहे. एवढ्याशा पाखराच्या डोक्यावर त्याने दोन्ही ओझी टाकली.

ऑगस्टातलं चार वाजताचं ऊन होतं. कलब्याला त्या दिवसांत उंटसुद्धा एकमेकांची सावली भाड्याने मागतात. त्याने गाडी पुलाजवळ लावली. दोन मिनिटांचं काम, म्हणून एसी चालूच ठेवला आणि खाली उतरला. चष्म्यावर एकदम वाफ धरली. ती पुसून बघतो तर समोर ओहोटी. चिखलात खेकडे आपापली एकेक नांगी वर करून कोणालातरी बोलावत होते. तिवरांच्या मुळांपाशी एक करडा बगळा सरकारी कचेरीतल्या माणसासारखा निश्चल उभा होता. खंड्या नव्हता.

तो वाट बघत राहिला. घाम कोपरांवरून टपकू लागला. एक निळसर काहीतरी हललं, त्याचं काळीज हललं. प्लास्टिकची पिशवी होती. पुन्हा काहीतरी हललं. तो कठड्यावरून एवढा पुढे झुकला की मागून कोणीतरी हाक मारली.

"हलो! गिरेगा आप!"

छत्री घेतलेली एक मुलगी होती, काळ्या पायघोळ अबायात, गळ्यात तिथल्या निसर्ग केंद्राचं ओळखपत्र. त्यावर नाव होतं उमैमा. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग मागच्या गाडीकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

"आप मॅडम रंजिता का हज्बंड? गाडीवाला?"

"गाडीवाला?"

"वो गाडी में बैठता है ना, हमेशा." तिने स्टिअरिंग धरल्यासारखे हात केले. हिंदी ती मालिका बघून शिकली असावी. प्रत्येक वाक्यावर थोडं पार्श्वसंगीत वाजल्यासारखी बोलत होती. "मॅडम बोली, मैं नहीं आएगी, मेरा हज्बंड आएगा. मैं बोली, वो? वो तो उतरता नहीं. मॅडम बोली, इन्शाल्ला उतरेगा."

धनंजयने चष्मा काढून पुन्हा पुसला. 'बघू' म्हणालो होतो आपण. आणि तिने इथे येऊन सांगून ठेवलं होतं.

"कब बोली?"

"जाने के पहले."

आणि तेवढ्यात फोन वाजायला लागला. एक नाही, दोन नाही, मेसेजांची रीघ लागली. बांध फुटावा तसे फोटो आत येऊ लागले. उन्हात पडद्यावर काही दिसेना. तो धावत गाडीकडे गेला, आत बसला, दार उघडंच ठेवून फोन मांडीवर धरला. उमैमा छत्री घेऊन दाराशी येऊन उभी राहिली.

सुसरी, एकमेकींवर रचून ठेवल्यासारख्या. निळे पोपट. फांदीवर पसरलेला जॅग्वार, थोडा हललेला, म्हणजे फोटो काढणारीचा हात हलला होता. चिखलात रुतलेली बोट आणि ती ढकलणारी माणसं, त्यात गुडघाभर चिखलात उभी, टोपी तिरकी, तोंडभर हसणारी रंजिता. शेजारी तिची मैत्रीण सुमेधा, करामातली दातांची डॉक्टर, कपाळाला हात लावून.

धनंजयच्या छातीतून एवढा श्वास बाहेर पडला की काचेवर धुकं आलं. पहिली भीती संपली. अजून एक व्हिडिओ उरला होता.

उंच झाडावर काटक्यांचं मोठं घरटं, त्यात माणसाएवढा एक पांढरा करकोचा. काळं डोकं, गळ्याला लाल पट्टा. रंजिता कुजबुजत होती, "मुलांनो, हा जाबिरू. इथले लोक याला तुयुयू म्हणतात." म्हणजे व्हिडिओ वर्गासाठी होता. पक्ष्याने मान वळवून थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ दोघं एकमेकांकडे बघत होती. मग बोटीचं इंजिन सुरू झालं, चित्र हललं, आणि अगदी शेवटी, मुलांसाठी नव्हे, कोणासाठीच नव्हे, असा तिचा हळू आवाज आला.

"चल रे राजा. येते हं."

त्याने ते पुन्हा लावलं. आणखी एकदा लावलं.

"गुड न्यूज?" उमैमाने विचारलं.

"हां. ठीक है वो."

"क्या बोली, लास्ट में?"

"पंछी को बोली... आती हूं."

"फिर से जाएगी वहां?"

"नहीं. वो... हम लोग जाते वक्त आती हूं बोलते हैं. मतलब, जाती हूं."

उमैमाने जरा विचार केला. मग छत्री या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"तो कोई सच में आने वाला है, वो कैसे मालूम पडता है?"

धनंजयच्या मांडीवरचा फोन वाजू लागला. पडद्यावर रंजिताचं नाव होतं. उमैमा हात हलवून छत्रीसकट केंद्राकडे निघून गेली.

"हॅलो? ऐकू येतंय का?" आवाज एखाद्या डब्यातून यावा तसा येत होता. "लॉजवर आलोय रे आत्ता. आंघोळीला, नाश्त्यालाही वेळ नाही, लगेच दुसरी बोट. फोटो बघितलेस?"

"बघितले. तू बरी आहेस ना?"

"मस्त! सुमेधा तेवढी घरी जायचं म्हणतेय. तू कुठे आहेस?"

"कलब्याला."

पलीकडे खरखर वाढली. मग, हळूच, "खंड्या दिसला?"

"अजून नाही." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. सगळा आठवडा पाठ केलेलं वाक्य होतं, तरी ते अडखळतच बाहेर आलं. "रंजी, त्या दिवशी एअरपोर्टवर... तू जाते म्हणालीस."

खरखर.

"चुकून म्हणालीस ना?"

"धनू, गाडी चालू आहे का तुझी?"

"काय?"

"आवाज येतोय. इंजिनाचा."

"हो, म्हणजे, एसी. बाहेर केवढं ऊन..."

"त्या दिवशीही चालूच होती," ती म्हणाली.

रागाने नाही, घाईनेही नाही.

मागे कोणीतरी तिला हाक मारत होतं. सुमेधाचा आवाज, मग पोर्तुगीज, मग पाण्याचा. धनंजयने फोन कानावर एवढा दाबला की कान दुखला. तिचं बोलणं संपत आलं होतं, आणि संपताना माणूस काहीतरी म्हणतोच. तो त्या एका शब्दासाठी जीव मुठीत धरून बसला.

"बरं," ती म्हणाली. "ठेवते."

फोन बंद झाला.

समोर डॅशबोर्डावर एसीचं छोटं निळं चिन्ह उजळलेलं होतं. पुढच्या जाळीतून थंड वारा त्याच्या गुडघ्यांवर येत होता. तो जरा वेळ त्या वाऱ्याकडे बघत बसला, जणू तो दिसतो. मग त्याने हात पुढे केला आणि किल्ली फिरवली.

इंजिन थांबलं. एवढी शांतता तिथे आधीपासून होती, याची त्याला कल्पना नव्हती. खेकड्यांच्या बिळांतून पाणी निघून जाताना होणारा चुटचुट आवाज, तिवरांची पानं, लांब कुठेतरी मासेमारीची बोट. आणि त्यातून, पुलापलीकडच्या झाडीतून, कोणीतरी दोन दगड एकमेकांवर जोरात घासावेत तसा कर्कश, भांडकुदळ आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

तो उतरला. कठड्यापर्यंत गेला. खंड्या कुठेच दिसत नव्हता.

त्याने फोन काढला. 'दिसला नाही' असं लिहिलं, आणि त्यापुढे, 'ऐकू आला.' शेवटी आणखी एक ओळ लिहिली, 'गाडी बंद केली', आणि पाठवलं.

एकच टिक उमटली. तिची बोट पुन्हा नेटवर्कच्या बाहेर गेली असणार.

कठडा तव्यासारखा तापला होता. धनंजयने खिशातला रुमाल त्यावर पसरला, त्यावर कोपरं टेकली आणि फोन समोर उभा करून ठेवला. आता दुसरी टिक आधी येते की खंड्या, ते बघायचं होतं. मागे गाडी उन्हात तापत होती.